वेळापत्रकाची नदी

आमच्या जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात एक बातमी पेपरात कुठेही छापलेली असली तरी लोक आधी तीच वाचतात: गिरणेला पाणी सुटलं. धरणातून आवर्तन सुटलं की नदीकाठच्या गावांच्या विहिरींना पाझर मिळतो, नळयोजना पुढचे काही आठवडे तग धरतात. मग फोनाफोनी सुरू होते. भडगावला आलं का? कानळद्यापर्यंत पोचेल का? कोरड्या वाळूवरून सरकत येणारी पाण्याची पहिली जीभ बघायला लहान पोरं पात्रात उभी असतात. मीही लहानपणी उभी राहिले आहे. त्यामुळे नदीची वाट बघणं मला नवीन नाही.

मागच्या मे महिन्यात मात्र 'पाणी सुटलं' हे शब्द मी कोकणात ऐकले, आणि त्यांचा अर्थ तिथे अगदी वेगळा होता.

सुट्टीत कुठे जायचं, यावर घरात दरवर्षी वाद होतो. यंदा माझ्या मुलाने, दहावीची परीक्षा दिली या हक्काने, निकाल लावला: कोलाडला राफ्टिंग. धुळ्याहून माझी नणंद, म्हणजे आमच्या आपा, भाईजान आणि त्यांची मुलगी आमच्या गाडीत बसले. धुळे, नाशिक, कसारा घाट, पनवेल, मग मुंबई-गोवा महामार्गाने पेण, नागोठणे आणि कोलाड. आपांना राफ्टिंग म्हणजे बोटीतून तलावात फेरी मारणं वाटत होतं. आम्हीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

नदी कितने बजे आएगी?

सकाळी आठच्या सुमारास आम्हाला कुंडलिका नदीच्या काठावर उभं करण्यात आलं. समोर नदी होती, पण अर्धीच. मोठमोठे काळे खडक उघडे, मधून एक शांत धार. अंगावर लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात वल्हं, आणि आमच्या तिघींच्या हेल्मेटखाली घट्ट बांधलेले रुमाल. आजूबाजूला मुंबई-पुण्याची कॉलेजची पोरं फोटो काढत होती. भाचीने गाइडला विचारलं, "भैया, नदी कितने बजे आएगी?"

सगळे हसले. पण प्रश्न बरोबर होता. गाइड म्हणाला, "पाणी सुटलंय, आता पोचेल." आणि खरंच, थोड्या वेळाने खडकांचे पाय भिजायला लागले. मग गुडघे. मग काही खडक दिसेनासे झाले आणि जिथे नुसता ओघळ होता तिथे पांढरा फेस उसळू लागला. पाऊस नव्हता, ढग नव्हते. मे महिन्यात, रखरखीत उन्हात, नदी वेळेवर कामावर आली होती.

तोवर गाइड शिकवत होता. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरचा हात कधी सोडायचा नाही, नाहीतर ती मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाय राफ्टच्या फुगीर नळीखाली अडकवून बसायचं. 'फॉरवर्ड' म्हटलं की सगळ्यांनी एकदम पुढे झुकून मारायचं, 'बॅक' म्हटलं की उलटं, 'स्टॉप' म्हटलं की वल्हं बाहेर. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि वर ठेवायचे, आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही. कारण पाय दोन खडकांच्या फटीत अडकला तर मागचं पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं, आणि मग कंबरभर पाणीही पुरतं. आपांनी हे सगळं ऐकलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तलाव म्हणाली होतीस ना?"

बारा किलोमीटर

राफ्ट निघाली. पहिल्या वळणापर्यंत आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती. पहिली उसळी आली तेव्हा पुढे बसलेला माझा मुलगा पाण्याच्या भिंतीत दिसेनासा झाला आणि परत दिसला तेव्हा हसत होता. मी आयतुल कुर्सी म्हणत होते आणि त्याच श्वासात वल्हंही मारत होते. तिसऱ्या-चौथ्या उसळीनंतर एक गोष्ट लक्षात आली. आपण घाबरून वल्हं थांबवलं की राफ्ट आडवी होते आणि पाणी तिला वाट्टेल तसं फिरवतं. नदीपेक्षा थोडं जास्त वेगाने चाललं तरच दिशा आपल्या हातात राहते. म्हणूनच गाइड ऐन खळाळात ओरडतो, "फॉरवर्ड, फॉरवर्ड!" नेमक्या त्या क्षणी, जेव्हा हात आपोआप थांबलेले असतात.

राफ्टच्या मागच्या टोकाला बसलेल्या त्या तरुणाला बघून मला नाखवा हा शब्द आठवला. मूळ फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा मालक, नावेचा स्वामी. कोकणच्या किनाऱ्याने तो स्वीकारला आणि नाखवा केला. मी उर्दूही शिकवते आणि मराठीही, त्यामुळे असे शब्द दिसले की थांबते. 'दर्या' हा असाच एक. उर्दूत दरिया म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र. वर्गात यावरून दरवर्षी गोंधळ होतो. कुंडलिकेवर मात्र दोन्ही अर्थ एका ठिकाणी येतात, कारण ही नदी रोह्यावरून पुढे जाऊन रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिथेच चौल आहे, एक हजार वर्षांपूर्वीचं मोठं बंदर. अरब प्रवासी अल्-मसऊदी इ.स. ९१६ च्या सुमारास तिथे आला होता. त्याच्या लेखनात या गावाचं नाव सैमूर असं येतं. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, राष्ट्रकूट राजाच्या राज्यात त्यांच्या आपसातल्या बाबींसाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला आहे, असं त्याने नोंदवलं. आम्ही ज्या पाण्यावर उड्या मारत होतो ते संध्याकाळपर्यंत त्याच बंदराच्या दिशेने निघालं होतं.

एका संथ पट्ट्यात गाइडने पोहायला उतरायची परवानगी दिली. सगळे पाण्यात. आपाही. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या नणंदेला मी धुळ्याच्या घरात इतकी वर्षं बघतेय, पण लाइफ जॅकेटवर उताण्या तरंगत आकाशाकडे बघणाऱ्या आपा मी पहिल्यांदा पाहिल्या. कुणी काही बोलत नव्हतं. पाणी थंडगार होतं. मे महिन्यातल्या नदीचं पाणी इतकं थंड कसं, म्हणून मी गाइडला विचारलं, "हे पाणी येतं कुठून?"

त्याने वल्ह्याने पूर्वेकडे, सह्याद्रीच्या भिंतीकडे दाखवलं. "वर टाटांचं धरण आहे ना, मुळशीला. तिकडून. लाइट बनवून झाली की इकडे सोडतात."

मुळशी! मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेते: पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी कोणत्या सत्याग्रहामुळे मिळाली? उत्तर: मुळशी सत्याग्रह. एक गुण. त्या एका गुणाच्या उत्तरात मी तेव्हा कमरेपर्यंत बुडालेली होते.

पाण्याची उलटी वाट

आधी हे पाणी कसं येतं ते बघू. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे, घाटाच्या वर, पुणे जिल्ह्यात. मुळा स्वभावाने पूर्वेला जाणारी नदी. पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमा, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. पण सह्याद्रीचा पश्चिम कडा इथे एकदम तुटतो. मुळशीचा तलाव आणि खाली कोकणातलं भिरा यांच्या उंचीत पाचशे मीटरहून अधिक फरक आहे. पूर्वेला हळूहळू जाणारं पाणी अडवून, पाइपांतून पश्चिमेला कड्याखाली सोडलं, तर त्या पडण्याच्या जोरावर वीज तयार होते. टाटांनी ही युक्ती सह्याद्रीत तीन ठिकाणी वापरली: खोपोली १९१५ मध्ये, भिवपुरी १९२२ मध्ये आणि भिरा १९२७ मध्ये. गिरण्यांची मुंबई तोवर कोळशाच्या धुरात होती. तिला घाटावरच्या पावसाने वीज दिली.

भिऱ्याच्या वीजकेंद्रातून बाहेर पडलेलं पाणी खाली एका छोट्या जलाशयात अडवतात आणि त्यावर रवाळजे इथे राज्य सरकारचं आणखी एक वीजकेंद्र चालतं, चाळीस मेगावॅटच्या दोन संचांचं. तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते, आणि म्हणून ती सकाळी येते. कोकणातल्या बहुतेक छोट्या नद्या मे महिन्यात डबक्यांवर येतात. कुंडलिका येत नाही, कारण तिच्यात दुसऱ्या खोऱ्याची नदी मिसळलेली आहे. पुढे डोलवहाळ बंधाऱ्याशी हेच पाणी अडवून कालव्यांत घेतात. राफ्टिंगचा धंदा या साखळीत फार उशिरा आलेला, शेवटचा पाहुणा आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. या खेळाचा इतिहास सांगताना अमेरिकेच्या कोलोरॅडो नदीचं नाव पहिलं येतं. युद्धात एक हात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल १८६९ मध्ये लाकडी होड्या घेऊन ग्रँड कॅन्यनमधून गेला, तेव्हा पुढच्या वळणावर काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या उरलेल्या रबरी नावा स्वस्तात विकल्या गेल्या, आणि जे एका संशोधकाचं धाडस होतं ते सुट्टीतल्या लोकांचा खेळ झालं. पण १९६३ मध्ये त्या दरीच्या वर ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. आज तिथेही नदीची उंची विजेच्या मागणीप्रमाणे चढते-उतरते. एक अख्खी सुंदर दरी पाण्याखाली गेली आणि खालच्या दरीतली नदी शिस्तीत आली. आपली कुंडलिका तिची फार लहान बहीण.

जान की जमीन

आता वर जाऊ, मुळशीला. पहिलं महायुद्ध संपलं होतं. टाटा कंपनीला मुळशी पेट्यात धरण हवं होतं. त्यात पन्नासच्या आसपास गावं आणि हजारो माणसं बुडणार होती. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा कंपनीच्या मदतीला होता. पण तो पुरा राबवला जाण्याआधीच कंपनीची माणसं शेतात शिरून चाचणीचे चर खोदू लागली. भाताची ही खाचरं मावळ्यांनी पिढ्यानपिढ्या तयार केलेली होती. शिवाजी महाराजांच्या फौजेत ज्यांच्या पूर्वजांनी तलवार चालवली असं आपण अभिमानाने सांगतो, तेच हे मावळे. 'जान की जमीन' असा त्यांचा प्रश्न होता.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. बाराशेच्या आसपास माणसं, त्यांत बायकाही, बांधकामाच्या जागेवर जाऊन बसली आणि काम थांबलं. तो काळ लक्षात घ्या. देशभर असहकार आणि खिलाफत एकत्र चालल्या होत्या. त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या मालेगावात खिलाफत चळवळीतून मोठा उद्रेक झाला. मालेगावच्या मोमीन वस्तीत सरकारविरुद्ध आणि मुळशीच्या खाचरात सरकार अधिक कंपनीविरुद्ध, एकाच एप्रिलमध्ये माणसं उभी होती. एकमेकांचं नावही त्यांनी ऐकलं नसेल.

या लढ्यात बापट आले. पारनेरचा हा माणूस १८८० मध्ये जन्मला, एडिंबरोला शिकायला गेला, पॅरिसमध्ये बॉम्ब करायला शिकून आला, आणि मुळशीत शेतकऱ्यांबरोबर निःशस्त्र बसला. त्यांच्यासोबत विनायकराव भुस्कुटे होते. बापट या लढ्यात तीनदा तुरुंगात गेले. काम परत सुरू झालं, लोक थकले. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी बांधकामाचं सामान नेणारी रेल्वेगाडी पिस्तूल घेऊन अडवली, आणि सात वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी सिंधमध्ये भोगली. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा मुळशीचा सेनापती कोठडीत होता.

या पराभवाचं एक कारण आजही टोचतं. मुळशीतली बरीच जमीन कागदावर कसणाऱ्यांच्या नावावर राहिलेली नव्हती. ती कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. मालकांनी मोबदल्याचा भाव ठरवायला घेतला आणि कसणारा मावळा एकटा पडला. मालकासाठी जमिनीची किंमत होती. कसणाऱ्यासाठी ती जमीनच होती, किंमत नव्हती. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास करून त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. धरणग्रस्तांचं पुनर्वसन करणं हे सरकारचं काम आहे असं सांगणारा महाराष्ट्राचा पहिला कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे मुळशीनंतर अर्ध्या शतकाने.

नानांचं गाव

माझं आजोळ तापीच्या काठी होतं. 'होतं' म्हणते, कारण मी लहान असताना ते तापीवरच्या एका धरणाच्या फुगवट्यात गेलं. गाव वर माळावर हलवलं. चौकोनी प्लॉट, सरळ रस्ते, एक नवी मशीद. घराचे पैसे मिळाले, शेताचेही मिळाले, उशिरा आणि कमी, पण मिळाले. ज्याचे पैसे होऊ शकत नव्हते ते खाली राहिलं. त्यातलं एक म्हणजे कब्रस्तान.

नाना धरणाच्या विरोधात नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण धरणग्रस्त म्हटलं की आपण एक ठराविक चेहरा डोळ्यांसमोर आणतो. त्या पाण्यावर लोकांच्या केळीच्या बागा उभ्या राहिल्या, गावांना नळ आले, हे ते स्वतःच सांगायचे. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या काही भिंती आणि कब्रस्तानाचा उंचवटा वर यायचा. मग नाना सकाळी चिखल तुडवत तिथे जायचे. कुठली कबर कुणाची हे ओळखता येत नव्हतं. गाळाने सगळं एकसारखं करून टाकलं होतं. ते अंदाजाने उभे राहायचे आणि सगळ्यांसाठी मिळून फातिहा म्हणायचे. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. परत येताना तलावाच्या कडेला बसून त्यांनी वजू केला. पाणी जपून, ओंजळ-ओंजळ घेत होते. समोर एवढा समुद्रासारखा तलाव आणि नाना पाणी वाचवतायत, याचं मला हसू आलं. ते म्हणाले, वाहत्या नदीच्या काठीही वजूला जास्त पाणी घेऊ नये, असं आपल्याला शिकवलंय.

खूप पुढे, बीएडला असताना, या शिकवणीचा दुसरा धागा हाती लागला. पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सगळे भागीदार आहेत, अशा अर्थाची हदीस आहे. 'शरीअत' या शब्दाचा मुळातला अर्थही पाण्यापर्यंत जाणारी वाट असा आहे. वाळवंटातल्या भाषेने धर्माच्या रस्त्याला पाणवठ्याच्या रस्त्याचं नाव दिलं. मला यात भाषाशिक्षिकेचा आनंद आहेच. पण या शब्दात एक कठोर व्यवहारही आहे: पाण्याकडे जाणारी वाट कुणा एकाची नसते.

आमच्या खानदेशाला हा व्यवहार वेगळ्या मार्गाने माहीत होता. धुळे जिल्ह्यात पांझरेवर शेकडो वर्षं जुनी फड पद्धत आहे. नदीत छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी कुठला फड भिजवायचा आणि कुठला कोरडा ठेवायचा हे गावाने ठरवायचं. प्रत्येकाची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असल्यामुळे झळ सगळ्यांना सारखी बसायची. पाणी सोडणारा पाटकरी गावाचा माणूस. त्याच्याशी भांडता यायचं, कारण तो समोर असायचा. ही पद्धत निर्दोष होती असं मी म्हणत नाही. ज्याची जमीनच नाही त्याला फडातही वाटा नव्हता. पण पाणी कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे ज्यांचं नुकसान होणार त्यांच्यासमोर ठरायचं. मुळशीत ते तसं ठरलं नाही.

आणि नंतरही ठरलं नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली. ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, म्हणजे १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा होईपर्यंत आमच्याच धुळे जिल्ह्यातली. मणिबेलीच्या आदिवासींनी पाण्यात उभं राहून जे विचारलं ते मावळ्यांनी सत्तर वर्षं आधी विचारलेलं होतं. मेधा पाटकरांचं नाव देशाला माहीत झालं. त्या आंदोलनाची पणजी मुळशी आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

परतीच्या वाटेवर

राफ्टिंग संपलं तेव्हा हात भरून आले होते. काठावर चहा आणि गरम भजी. मुलगा आणि भाची व्हिडिओ बघत पुन्हा पुन्हा हसत होते: एका उसळीत भाईजानांचं वल्हं हातातून निसटतं आणि ते रिकामे हातच तालात मारत राहतात. माझंही मन हलकं झालं होतं. हे लिहिताना मी ते लपवणार नाही. मला ती नदी आवडली. पुन्हा जाईन.

मग मुळशीचं काय करायचं? मी बराच विचार केला. त्या पाण्यावर हसलो म्हणून मान खाली घालायची, हे मला पटत नाही. मुंबईत लागणाऱ्या विजेच्या प्रत्येक दिव्याखाली कुणी रडत बसू शकत नाही. राफ्टवर काम करणाऱ्या त्या तरुणांची घरं याच पाण्यावर चालतात. नानांनीही तलावाच्या पाण्याचा राग धरला नव्हता. त्याच पाण्याने त्यांनी वजू केला. पण ते दर उन्हाळ्यात जात होते. विसरणं आणि राग धरणं यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते, ती नाना करत होते. इतिहास शिकणं म्हणजे माझ्या लेखी तेवढंच.

कसारा घाट चढताना मी मुलांना मुळशीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आधी त्यांनी कानातले इअरफोन काढले नाहीत. मग मी म्हटलं, सकाळी तुम्ही ज्या पाण्यात पडलात ते मुळात बंगालच्या उपसागराला जायचं होतं. तेव्हा भाचीने इअरफोन काढला. बापटांनी रेल्वे अडवली इथपर्यंत आलो तेव्हा मुलानेही काढला. शेवटी त्याने विचारलं, "अम्मी, फिर वो लोग जीते क्या?"

नाही जिंकले, मी म्हटलं. धरण झालं.

तो थोडा वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "नानांच्या गावाला यंदा पाणी उतरलं असेल ना आता?"

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यानंतर त्या उंचवट्यावर आमच्यातलं कुणी गेलेलं नव्हतं. भाईजानांनी गाडीचा वेग जरा कमी केला. आपा मागच्या सीटवरून म्हणाल्या, मे संपायला अजून आठ दिवस आहेत.

त्या रविवारी आम्ही गेलो. पाणी बरंच खाली गेलं होतं. भिंती दिसत होत्या, एका घराचा ओटाही दिसत होता. उंचवटा कुठला, हे मला आधी ओळखता आलं नाही. मग काठावर म्हशी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं. त्यांनी नानांचं नाव ऐकलं, हातातली काठी उचलली आणि बोट दाखवावं तशी ती पुढे केली. "ते काय, तिथेच उभे राहायचे."

मुलगा चिखलातून पुढे निघाला. मी मागून.